पंख्यावरची धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डेस्कटॉप संगणकातील पंख्यांची धूळ काढण्याविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. आजचे प्रोसेसर तापल्यावर स्वतःला सांभाळून घेतात, तेव्हा धुळीचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. साफ करायचेच तर घरातला व्हॅक्यूम क्लीनर पुरेसा आहे. आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते धरून ठेवण्याची सूचना म्हणजे निव्वळ अतिसावधपणा. यांपैकी पहिल्या आक्षेपातच खरी मेख आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा लांबेल.

प्रोसेसर स्वतःला वाचवतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ठरावीक तापमान गाठल्यावर (अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते) तो आपला वेग आपणहून कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. धुळीमुळे प्रोसेसर जळाला असे म्हणूनच सहसा घडत नाही, आणि तसे घडते असे मी लिहिलेलेही नाही. अडचण अशी की हे संरक्षण गाजावाजा न करता चालते. पडद्यावर बहुधा कोणतीही सूचना येत नाही. व्हिडिओचे रूपांतर रेंगाळते, खेळ अडखळतो, पंखा दिवसभर घोंगावत राहतो आणि मालक मात्र यंत्र जुने झाले असे समजून नव्याच्या किमती पाहू लागतो. म्हणजे ज्या सोयीचा आपण दाखला देता, ती सोयच धूळ लपवून ठेवते.

शिवाय ही धूळ नेमकी कुठे बसते, ते पाहिले पाहिजे. कॅबिनेटचे झाकण काढल्यावर पात्यांच्या पुढच्या कडेवर जी राखाडी रेघ दिसते, ती डोळ्यांत भरत असली तरी तिच्यामुळे फारसे बिघडत नाही. खरा अडथळा पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) यांच्या सांध्यात, पंख्याआड असतो. हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी आधी केस आणि कपड्यांचे तंतू अडकतात, त्यांच्या जाळ्यात बारीक धूळ साचते आणि काही काळाने तिथे घोंगडीच्या तुकड्यासारखा दाट थर तयार होतो. पंख्याची क्लिप किंवा स्क्रू काढून पंखा बाजूला केला की हा थर कित्येकदा चिमटीत धरून सबंध उचलता येतो. पंखा जागेवर ठेवून समोरून झोत मारला तर हाच थर पट्ट्यांच्या आत आणखी घट्ट बसतो. हवा ज्या बाजूने बाहेर पडते तिकडून उलटा झोत द्यावा, हे मी आग्रहाने सांगितले ते यासाठीच.

पाते धरण्याविषयी थोडक्यात. झोतामुळे पंखा त्याच्या नेहमीच्या कमाल वेगाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, आणि त्याचे बेअरिंग त्या वेगासाठी बनवलेले नसते. त्याच्या फिरत्या भागात चुंबक असल्यामुळे बाहेरून फिरवल्यास मोटर जनित्रासारखी वागते आणि उलट वीज निर्माण करते. तिच्यामुळे मदरबोर्डाला इजा होईलच असे नाही. पण एका बोटाने जे टळते, त्यासाठी वाद तरी कशाला?

आता व्हॅक्यूम क्लीनर. धुळीचे कण प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने घासत जातात तेव्हा तिच्या तोंडाशी स्थितिक विद्युत साचते. आपल्याला कधी झटका बसला नाही, असे आपण लिहिता. परंतु माणसाला असा झटका साधारण ३,००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो, आणि काही सुटे भाग त्याहून फार कमी विद्युतदाबालाही दुखावतात; त्यामुळे झटका न बसणे हा काही पुरावा नव्हे. शिवाय पट्ट्यांत रुतलेला थर बाहेरच्या ओढीने पुरता निघत नाही. कॅबिनेटच्या बाहेरील जाळ्यांसाठी मात्र हे साधन उत्तम आहे, तिथे ते खुशाल वापरावे. आत मऊ ब्रश आणि ब्लोअर बरे. हवेचा डबा (झोत मारण्यासाठी मिळणारा फवाऱ्याचा डबा) वापरायचा झाल्यास तो उभाच धरावा आणि थांबून थांबून फवारावा, कारण तिरका झाल्यास त्यातून अतिशय थंड द्रव बाहेर पडतो. त्यातला वायूही बहुधा ज्वलनशील असतो, म्हणून वायर आधीच काढून ठेवलेली असावी. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बाहेरूनच फुंकावा. वायर काढल्यानंतरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ टिकून राहू शकतो, त्यामुळे तो उघडू नये.

आपल्या संगणकाचा पंखा साफ करूनही आवाज कमी झाला नाही, असे आपण शेवटी लिहिले आहे. पंखा सोडवून मागच्या पट्ट्या पाहिल्या होत्या का, ते कृपया कळवावे. पट्ट्या स्वच्छ निघाल्या तर पुढचा संशय वाळलेल्या थर्मल पेस्टवर (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपावर) जातो. ती बदलण्यासाठी हीटसिंक काढताना आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून वायर काढावी आणि हीटसिंक सरळ न ओढता डावीउजवीकडे हलकेच फिरवून सोडवावा. काही सॉकेटांमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचांमध्ये) सरळ ओढल्यास प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.