रूट कॅनल मेंदूत जंतू सोडत नाही, दाढ सडत ठेवणं धोक्याचं

"दातांच्या नसा थेट मेंदूला जोडलेल्या असतात. रूट कॅनल केलं किंवा वरची दाढ काढली की जंतू मेंदूत शिरतात. दुखलं तर गोळी घ्या, दाताला हात लावू देऊ नका." हा मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय. त्यावर विसंबून कुणी उपचार टाळले तर त्याचं खरंच नुकसान होईल, म्हणून हे उत्तर.

दाताची संवेदना ट्रायजेमिनल नसेतून मेंदूपर्यंत पोचते, एवढं बरोबर. पण दातातले जीवाणू सहसा त्या नसेवरून चढत नाहीत. ते पसरतात रक्तातून, वरच्या दाढांच्या मुळांना लागून असलेल्या सायनसमधून (गालाच्या हाडातली हवेची पोकळी), किंवा चेहऱ्याच्या शिरांमधून. या शिरांतलं रक्त उलट दिशेनेही वाहू शकतं आणि कवटीच्या आत, डोळ्यांमागे असलेल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोचतं. (हा सायनस हवेचा नाही, शिरांतलं रक्त साठवणारी पोकळी आहे.)

म्हणजे दात आणि मेंदूचा संबंध आहेच. मेंदूतल्या गळवाच्या पुवात स्ट्रेप्टोकॉकस इंटरमिडियस, फ्युसोबॅक्टेरियम असे तोंडातले जीवाणू सापडतात. मात्र सगळी कारणं धरूनही हे गळू वर्षाला लाखात एखाद्यालाच होतं, आणि त्यात कान, सायनस, हृदयाचे आजारही येतात. ज्यांच्या हृदयातल्या जन्मजात दोषामुळे काही रक्त फुप्फुसांत न गाळता पुढे जातं, त्यांना धोका जास्त.

मग रूट कॅनल? त्यात दाताच्या आतला सडलेला गर काढून पोकळी निर्जंतुक करतात, म्हणजे जंतूंचा साठाच कमी होतो. उपचारादरम्यान थोडे जीवाणू रक्तात जातात, हे खरं. पण हिरड्या सुजलेल्या असतील तर ते नुसतं चावताना आणि ब्रश करतानाही जातात.

दातांवर असा सरसकट संशय पूर्वीही घेतला गेलाय. अमेरिकेतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयात डॉ. हेन्री कॉटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दातांतल्या जंतूंमुळे वेड लागतं असं मानून, ते बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात उपटले. वेड बरं झालं नाही, माणसं बोळकी झाली.

सगळ्यात घातक सल्ला गोळीचा. वेदनाशामक गोळी जंतू मारत नाही. मेलेल्या गराला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही.

दाताचा संसर्ग असताना न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, आकडी (फिट), एका बाजूचा अशक्तपणा, बरळणं, पापणी सुजणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर तडक रुग्णालय गाठा. ताप नाही म्हणून थांबू नका; मेंदूत गळू झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना ताप नसतो. आणि दाढेचं दुखणं तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा.