चंद्र बादलीतलं पाणी का ओढत नाही?

पौर्णिमा जवळ आली की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच. "चंद्र एवढा अथांग समुद्र वर खेचतो. माणसाच्या शरीरात तर 70 टक्के पाणी, मग त्याला सोडेल का? म्हणून पौर्णिमेला डोकं भडकतं, वेड वाढतं. पूर्वजांना हे ठाऊक होतं." या वेळी मामांनी पाठवला, म्हणून जरा बैजवार लिहितो.

"वर खेचतो" इथेच घोळ आहे. चंद्र नुसता स्वतःकडे ओढत असता तर भरती दिवसातून एकदाच आली असती. येते दोनदा, साधारण 12 तास 25 मिनिटांनी. पृथ्वीची जवळची बाजू चंद्र जास्त ओढतो, मधला गोळा त्याहून कमी, पलीकडची बाजू सगळ्यात कमी. भरती या फरकाची, म्हणून पाण्याला फुगवटे दोन: एक चंद्राकडे, एक पाठीमागे. हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम नव्वद लाखावा हिस्सा. एवढ्याशा जोराने पाणी उभं उचललं जाणार नाही. हजारो किलोमीटर सलग पसरलेला समुद्र बाजूने सरकत येऊन साचतो. पुढचं काम किनाऱ्याचा आकार करतो. खंभातच्या निमुळत्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांवर जातो तो त्यामुळेच.

आता शरीर. (70 जरा जास्तच झाले, मोठ्या माणसात 60 टक्क्यांच्या आसपास; पण ते सोडा.) पाणी किती आहे यापेक्षा ते किती लांबवर पसरलंय याला महत्त्व. खाडीच्या जेट्टीवर उभं राहून बघा. ओहोटीला गाळात तिरकी पडलेली होडी भरतीला सरळ होते, तरंगत पायऱ्यांना लागते. त्याच होडीत समुद्राच्याच पाण्याने अर्धी भरलेली बादली असते. ती अर्धीच राहते. पवई तलावालाही कधी भरती आलेली दिसत नाही. साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यात आणि पायात चंद्राच्या ओढीचा जो फरक पडतो, तो त्या नव्वद लाखाव्या हिश्श्याचाही सुमारे अडतीस लाखावा हिस्सा!

आणि पौर्णिमाच का? अमावास्येलाही तसंच उधाण येतं. सूर्य चंद्राच्या 2.7 कोटी पट जड, पण 390 पट लांब. भरतीचा जोर अंतराच्या घनाने घटतो, म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीला काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. चंद्र किती उजळलाय याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही.

वेडाचं म्हणाल तर रॉटन आणि केली या दोन संशोधकांनी 1985 साली असे 37 अभ्यास एकत्र तपासले. दखल घ्यावी असा संबंध सापडला नाही.

राहिले पूर्वज. त्यांना ठाऊक होतं, पण वेगळंच. कोकणात भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. या हिशेबात शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष असा भेदच नाही. पौर्णिमेला पंधरा, अमावास्येलाही पंधरा; दोन्ही दिवशी भरती सव्वाअकराच्या सुमारास, बंदराप्रमाणे थोडी पुढेमागे.