‘लागेल तेव्हा दांडी बसवू’ म्हणणाऱ्यांसाठी

घराचं बांधकाम किंवा डागडुजी निघाली की एक मेसेज हमखास फिरत येतो. त्याचा मथितार्थ असा: म्हातारपणाची सोय आत्तापासून कशाला? वेळ येईल तेव्हा दारात रॅम्प टाका, बाथरूममध्ये दांडी बसवा, झालं. घरात कोणी व्हीलचेअरवर नसेल तर बाकी सगळा फुकटचा खर्च. सांभाळून चालणारा माणूस पडत नाही, जिने चढणं हा उलट व्यायामच, आणि एवढं सगळं केलं तर घराचं हॉस्पिटल होईल. वाचायला सोपं आणि वर पैसे वाचवणारं, त्यामुळे लोक लगेच पुढे पाठवतात.

‘दांडी काय, कधीही बसवता येते.’ हे अर्धं खरं आहे. दांडी आधीपासून बसवूच नये, असं मीही म्हणेन. पक्षाघातात डावी बाजू गेली तर आधार उजव्या हाताला लागतो, उजवी गेली तर डाव्या. कोणाला आडवी दांडी सोयीची पडते, कोणाला उभी. हे कोणाला आधी कळणार? पण दांडी ज्या भिंतीत बसायची ती भिंत मात्र आधीच उभी राहिलेली असते. घसरणारा माणूस दांडीला नुसता हात लावत नाही, अख्खं वजन एका झटक्यात टाकतो. अमेरिकेच्या सुलभता मानकांत दांडी आणि तिचे स्क्रू सुमारे ११३ किलोचा भार पेलणारे हवेत, असं आहे ते याचसाठी. भरीव विटांची किंवा काँक्रीटची भिंत योग्य फास्टनर वापरले तर हा भार घेते. बोर्डाच्या पार्टिशनमध्ये नुसता प्लग मारला तर तो तुकड्यासकट हातात येतो. तिथे टाइल लावण्याआधी कमोडच्या बाजूला, मागे आणि शॉवरपाशी आतून जाड वॉटरप्रूफ प्लायची फळी घालून घ्यायची. दांडी साधारण ८४० ते ९१५ मिमी उंचीवर येते, तेव्हा फळी त्याच्या वर-खाली भरपूर असू द्या. आणि भिंत बंद होण्यापूर्वी टेप धरून फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढे कारागीर ड्रिल कुठे मारायचं म्हणून टाइलवर टकटक करत बसेल. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्यांवर वजन टाकू नका. टाइलच्या सांध्यावर आल्या की पकड सुटते. टॉवेल रॉडबद्दल तर बोलायलाच नको.

दांडी निदान नंतर बसते तरी. दार नंतर रुंद होत नाही. ९०० मिमीची चौकट म्हणजे ९०० मिमीची वाट, असं समजून चालतात. दोन्ही बाजूंची लाकडं वजा करा, उघड्या दाराची जाडी वजा करा, हातात ७५०च्या आसपास उरतात. मोकळी वाट किमान ८१५ मिमी असावी असं तेच अमेरिकन मानक सांगतं, आणि बाथरूमचं दार सहसा घरात सगळ्यात अरुंद. उघडल्यावर दार वाटेतून पूर्ण बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या मिळतात, त्यांनी दाराच्या जाडीएवढी जागा परत मिळते. त्यापुढे चौकट उखडणं आलं. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर आणखी एक घोळ: आत पडलेला माणूस दारालाच अडतो आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार लावायला सुरुवातीला जवळजवळ तेवढाच खर्च येतो. शॉवरची जागा बाकीच्या फरशीशी सपाट हवी असेल तर पाइपचा उतार आणि स्लॅबची पातळी बांधकामाच्या वेळीच ठरवावी लागते.

‘रॅम्प टाकला की झालं.’ किती लांब टाकणार, ते आधी मोजा. १ः१२ हा सर्रास मानला जाणारा उतार आहे: १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. दारापुढे १५० मिमीच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५० मिमी, रॅम्प ५.४ मीटर. वर आणि खाली वळायला दीड-दीड मीटरची सपाट जागा धरली की ८.४ मीटर झाले. एवढी जागा नाही म्हणून लोक तिरकी फळी टाकतात, आणि त्या चढावर खुर्ची मागे उलटते. ढकलणाराही बऱ्याचदा सत्तरीचा जोडीदारच असतो. शिवाय रॅम्प सगळ्यांना सोपा पडतो असंही नाही. गुडघे किंवा तोल गेलेल्या काहींना दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या बुटक्या पायऱ्या बऱ्या वाटतात. जमलं तर दोन्ही ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे निदान एक प्रवेश मुळातच पायरीशिवाय काढणं.

‘व्हीलचेअर नाही, मग कशाला?’ कारण डोळे, कान आणि बोटं आधी कुरकुरायला लागतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. दिवा वाढवायचा, पण चकाकणाऱ्या फरशीवर नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी हवी. एकाच रंगाच्या जिन्यात शेवटची पायरी दिसतच नाही. संधिवाताच्या हाताला दाराचा गोल नॉब फिरत नाही, लिव्हरची कडी कोपरानेही दबते. ऐकू कमी येणाऱ्याला बेलसोबत लुकलुकणारा दिवा हवा.

‘सांभाळून चाललं की पडत नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं दगावतात, आणि मृतांत साठीपुढच्यांचं प्रमाण सगळ्यात मोठं. हे सगळे बेफिकीर होते म्हणायचं का? कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०२३च्या आढाव्यात घरातले धोके काढल्याने पडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आधीच पडण्याचा धोका जास्त असलेल्यांत ३८ टक्क्यांनी. धोके म्हणजे सैल पायपुसणी, वाटेतली वायर, कठडा नसलेला जिना. जिन्याच्या व्यायामाचं म्हणाल तर तो दिवसा, हौसेने करावा. रात्री दोन वाजता संडासाला जाण्यासाठी करावा लागला तर त्याला व्यायाम म्हणत नाहीत. झोपायची एक खोली आणि संडास-बाथरूम एकाच मजल्यावर, शक्यतो प्रवेशाच्या पातळीवर, ठेवा.

राहिला हॉस्पिटलसारखं दिसण्याचा मुद्दा. अमेरिकन वास्तुविशारद रॉन मेस लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरत. त्यांच्यासह एका गटाने १९९७ मध्ये सर्वांसाठीच्या रचनेची सात तत्त्वं मांडली. सगळ्यांना वापरता येईल, कोणाला वेगळं पाडणार नाही अशी रचना, हा त्यांचा गाभा. रुंद दार, सपाट उंबरठा, लिव्हरची कडी यातलं काय हॉस्पिटलचं वाटतं? बाळाची गाडी ढकलणाऱ्याला किंवा सोफा आत आणणाऱ्या हमालाला विचारून पाहा.