उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचत नाही

मायलेज वाढवण्याच्या 'रामबाण' उपायांचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, सकाळी इंजिन पाच मिनिटं गरम करा, पेट्रोल पहाटेच भरा, सिग्नलला इंजिन बंद करू नका, एसी कधीच लावू नका. यातला पहिला सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

न्यूट्रलचा हिशेब कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जमान्यातला. तेव्हा गियरमध्ये उतरतानाही इंजिन थोडंफार पेट्रोल ओढतच राहायचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्या पेट्रोल कार फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर, पेट्रोल शून्य. आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा, साधारण हजार-दीड हजाराच्या खाली उतरला की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. न्यूट्रल टाकलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगपुरतं पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च सुरू केलात.

एक गोष्ट मान्य करायला हवी. अगदी हलक्या, सरळ उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब जाते, कारण इंजिन तिला मागे ओढत नाही. पण खंडाळ्याचा किंवा वरंधचा घाट म्हणजे हलका उतार नव्हे. तिथे वेग रोखावाच लागतो. गियरमध्ये असाल तर ते काम इंजिन फुकटात करतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, पकड कमी होते आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांचे भीषण अपघात होत आले आहेत. तो रस्ता माहीत असलेल्या कुणीही हा मेसेज पुढे पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं. काहीजण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग ब्रेक दोन-तीनदा दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधलं व्हॅक्यूम संपतं, पेडल कडक होतं, पॉवर स्टीअरिंगही जड होतं. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही सुरक्षित आहे आणि पेट्रोलही वाचवतो.

बाकीचं थोडक्यात. पहाटेच्या थंडीत पेट्रोल आकसतं, म्हणून तेवढ्याच पैशांत जास्त मिळतं, असा तो तर्क. पण पेट्रोल एका अंशाला साधारण 0.1 टक्का प्रसरण पावतं, म्हणजे 30 लिटरमागे 30 मिलिलिटर. त्यात पंपाची टाकी जमिनीखाली, तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी फारसं बदलतही नाही. त्यासाठी झोपमोड कशाला? इंजिन गरम करायचं तर निघा आणि पहिली काही मिनिटं हलक्या पायाने चालवा. जागेवर उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करण्यातच फायदा आहे, इंजेक्शनच्या गाडीला स्टार्ट व्हायला नगण्य पेट्रोल लागतं. एसी पेट्रोल खातो हे खरं, गावात काचा उघड्या ठेवून चालतं. पण हायवेवर उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो, तिथे तो फायदा कमी होतो.

या मेसेजमध्ये वेगाबद्दल एक अक्षर नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक्स्प्रेस वेवर 80 ऐवजी 100 ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि त्याचे पैसे टाकीतूनच जातात. टायरमधली हवाही गाडी थंड असतानाच तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो. आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक मारू नका. लांबूनच पाय काढा, गाडी गियरमध्येच राहू द्या. इंजेक्टर तेव्हाही बंदच असतात.