मालकाकडून उत्तर: "एसी नाही, अंधार आणि वर साठ रुपये"

ताई, नमस्कार. आमच्या जुन्या घरातल्या संग्रहालयाला तुम्ही दिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय घरात सगळ्यांनी वाचला. आधी सासूबाईंचं. मधल्या खोलीतला दिवा अचानक विझला आणि उंबरठ्याला त्यांचा पाय ठेचकाळला, ही चूक सर्वस्वी आमची. माणूस हलला की लागणारे दिवे आहेत ते, पण मुदत दोनच मिनिटांची ठेवली होती. म्हातारं माणूस एखाद्या जात्यापुढे उभं राहून आठवणी काढायला लागलं की दोन मिनिटं कुठे पुरतात? आता मुदत दहा मिनिटांची केली आहे आणि प्रत्येक उंबरठ्यावर पांढरा पट्टा ओढला आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा, पाय कसा आहे तेही कळवा.

दुसरं, वेळेचं. नेटवर आमची वेळ दहा ते सहा दिसते, म्हणून तुम्ही मे महिन्यात भर दुपारी दीडला आलात. यावल-रावेरकडचा माणूस त्या वेळी केळीच्या बागेतही जात नाही. पण बाहेरून येणाऱ्याला हे कुणी सांगायचं? आम्हीच. आता एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, असं नेटवर आणि दारावर दोन्हीकडे टाकलं आहे.

आता एसीचं. तुम्ही लिहिलंत, "पर्यावरणपूरक हा खर्च वाचवायचा बहाणा आहे." खर्च वाचतो, ते कशाला लपवू? दीड टनाचा एक एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. चार खोल्या, आठ तास धरा, रोजची पन्नासच्या घरात युनिटं झाली. साठ रुपयांच्या तिकिटात ते बसत नाही. आणि ही वीज येते कुठून, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. भुसावळजवळ दीपनगरची धुराडी आहेत, तिथे कोळसा जळतो.

पण आमच्याकडे एसी होता, हे तुम्हाला माहीत नसणार. आतल्या खोलीत तीन उन्हाळ्यांपूर्वी बसवला होता. दिवसा चालू, रात्री बंद, मध्येच लाइट गेली की तोही गेला. दुसऱ्याच उन्हाळ्यात आजीच्या देव्हाऱ्याच्या मागच्या फळीला चीर गेली, करंगळीचं नख आत जाईल एवढी. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. सावकाश बदल त्याला सोसतो, रोजची ओढाताण सोसत नाही. एसी काढला तेव्हा मुलगा माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता.

घर धाब्याचं आहे. सागाच्या कड्या, वर किलचन म्हणजे लाकडी चिपांचा थर, त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. भिंती हातभर रुंद. भर दुपारी बाहेर आणि आत आठ-दहा अंशांचा फरक पडतो. बाहेर चव्वेचाळीस असलं की आतही घाम येणारच, ते नाकारत नाही. पण वस्तूंना तो उकाडा हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो.

जगभरची संग्रहालयं अनेक वर्षं वीस-बावीस अंश आणि पन्नास टक्के आर्द्रता हा आकडा धरून बसली होती. २०१४ साली संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद आयकॉम, तिची जतन समिती आणि जतनतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था आयआयसी यांनी मिळून सांगितलं, की नियम स्थानिक हवामान बघून ठरवा, साध्या आणि कमी विजेच्या उपायांचा विचार करा. त्याच सुमारास मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने बऱ्याचशा वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता अशी सैल मर्यादा मान्य केली. मे महिन्यात आमचं घर त्यातही बसत नाही, तेव्हा फुशारकी मारत नाही.

म्हणूनच तुम्हाला भिंतीवर जुन्या वर्तमानपत्रांच्या "झेरॉक्स" दिसल्या. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि असंच गावाकडचं सामान घेऊन ते नगर सजवलं होतं. आजोबा तिथे स्वयंसेवक होते. त्यांनी जपलेली वर्तमानपत्रं आता बोट लावलं तरी तुकडे पडतील अशी आहेत. कागदाला उष्णता आणि उजेड दोन्ही वैरी. अस्सल प्रती तळघरातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत, वेखंडाच्या पुरचुंडीसकट. पण खाली "ही प्रत आहे" असं लिहायला हवं होतं. ते आता लिहिलंय. अंधाराचं कारणही हेच. कापड आणि कागदावर पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू नये असा संकेत आहे, कारण उडालेला रंग परत येत नाही. कानबाईच्या पूजेतलं जुनं लुगडं तुम्ही "मळकट" म्हणालात. ते मळकट नाही. पूर्वी खिडकीसमोर टांगलेलं असायचं, त्याची ही शिक्षा.

कूलर लावा, ही तुमची सूचना अर्धी घेतली. कूलरची ओल कापडाला नको, बुरशी धरते. तो पडवीत ठेवला आहे, शेजारी पाठ टेकायला बाकडी. बाटलीबंद पाणी मात्र ठेवणार नाही. माठात सगळे पेला बुडवतात, ही तुमची तक्रार रास्त होती. आता माठाला तोटी आहे.

आणि शेवटचा टोला बरोबर बसला. "पर्यावरणपूरक संग्रहालय" ही पाटी आम्ही प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर छापली होती. वाचून बायको अर्धा तास हसली. फ्लेक्स उतरवून गोठ्याच्या छपरावर टाकलाय, पावसाळ्यात कडब्याला उपयोगी पडेल. जागेवर लाकडी फळी रंगवून घेतली, तर पेंटरने "संग्राहलय" लिहून ठेवलंय. तो लग्नाला सुरतेला गेलाय. आला की दुरुस्त होईल, तोवर त्यासाठी एक तारा कापू नका.