‘अंगावर पाजलं की ब्रेस्ट कॅन्सर होत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला एकेक करून उत्तर

लातूर, बीड, नांदेडकडं बचत गटाच्या नाहीतर भावकीच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरायलाय. त्यात म्हणलंय की स्तनाचा कॅन्सर शहरातल्या, लेकरांना अंगावर न पाजणाऱ्या बायकांना होतो, खानदानात नसेल तर भ्यायचं कारण नाही, गर्भपिशवी काढलेल्या बाईला तर होतच नाही. गाठ दुखत नसेल तर ती साधी, सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो, किमोनं रक्त जळून लघवीतून जातं. पेशंटचं ताट-तांब्या वेगळा ठेवा, ऑपरेशनचा हात हलवू देऊ नका, दूध-साखर बंद करा, ताप आला तर काढा द्या, आणि नंतरच्या गोळ्या गरम पडतात म्हणून सहा महिन्यांत सोडा. शेवटी, ‘शेत विकून डॉक्टरचे खिसे भरू नका’.

मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे आणि पेशंटच्या सोबत आलेल्या माणसांनीच हा मेसेज मला दाखवला, ‘सिस्टर, हे खरंय का’ म्हणून. विचारलं ते बरं केलं. न विचारता जे पाळायलेत त्यांच्यासाठी लिहायलेय. या मेसेजची गंमत नाही वाटत मला, राग येतो, कारण जिथं काही धोका नाही तिथं तो माणसाला घाबरवतो आणि जिथं खरंच जीव जाऊ शकतो तिथं ‘काही होत नाही’ म्हणतो.

आधी अंगावर पाजण्याचं बघू, कारण त्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच लोक बाकीच्यावर पण विश्वास ठेवायलेत. २००२ साली बऱ्याच देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा दिसलं की एकूण १२ महिने पाजलं की धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक बाळंतपणामागं आणखी ७ टक्क्यांनी. म्हणजे पाजणं चांगलंच आहे, बाळासाठीही आणि आईसाठीही, पण धोका कमी होणं वेगळं आणि होणारच नाही हे वेगळं. तीन-तीन चार-चार लेकरं दोन-दोन वर्षं पाजलेल्या बाया आमच्याकडं किमोला बसतात आणि त्यांच्या मनात एकच, ‘मी काय चुकले?’ काही चुकलं नाही माय तुझं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या बायकांत बाई असणं आणि वय वाढणं सोडलं तर दुसरं कुठलंच ठळक कारण सापडत नाही. पुरुषांनाही होतो, शंभरात अर्धा ते एक, त्यामुळं छातीत गाठ लागली तर त्यांनीही लाजून घरी बसू नये.

आणि अंगावर पाजणाऱ्या पोरींनो, तुमच्याबाबतीत उलटंच होतं, गाठ लागली की सगळे म्हणतात दुधाची गाठ आहे, जिरेल. बऱ्याचदा असतेही. पण उपचार घेऊन दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून घ्या, पाजणं चालू असताना ती करता येते.

‘खानदानात नाही तर होत नाही.’ अनुवंशिक बिघाडामुळं होणारा ब्रेस्ट कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. म्हणजे नव्वदच्या पुढं बायकांत असा वारसा नसतोच. ज्यांच्या आईला, बहिणीला, मावशीला किंवा आत्याला कमी वयात झालाय त्यांनी मात्र डॉक्टरला आवर्जून सांगा, आणि आत्या म्हणजे बापाकडची बाजू पण धरा, ती लोक धरतच नाहीत. बाकी धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणाल तर पाळी लवकर सुरू होणं, उशिरा बंद होणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं किंवा न होणं, पाळी गेल्यावर वजन वाढणं, दारू, बसून राहणं, काही हार्मोनच्या गोळ्या. यातल्या निम्म्या गोष्टी बाईच्या हातात नसतात, तर तिला बोल कशाचा लावायलात?

गर्भपिशवीचं आपल्या भागात जरा थांबून सांगायला पाहिजे. बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ ला देशभर गाजली, आणि तरुणपणी पिशवी काढलेल्या बाया आपल्याकडं गावोगाव आहेत. त्यातल्या कितीतरी जणी म्हणतात, ‘पिशवीच काढली, आता बाईपणाचा कॅन्सर कुठून होतोय’. पिशवी काढल्यानं गर्भाशयाचा प्रश्न मिटतो, स्तनाचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही अंडाशयं पण कमी वयात काढली असतील तर धोका कमी होतो हे खरं, पण तरीही शून्य होत नाही, आणि आपली नेमकी काय काय काढलीत हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा पिशवी काढलेल्यांनी पण तपासणीला यायचंच.

खेड्यात होत नाही म्हणणाऱ्यांना बार्शी दाखवा. तिथं १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात आणि त्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा, भूम पण आहेत. मुंबईपेक्षा प्रमाण कमी आहे हे कबूल, पण ब्रेस्ट कॅन्सर त्या नोंदीत ठळक आहे.

आता सगळ्यात घातक ओळ, ‘गाठ दुखत नसेल तर साधी’. अहो उलटं आहे! ब्रेस्ट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून बाई सोयाबीन काढून होऊ दे, कापूस वेचून होऊ दे, पोरीचं लग्न उरकू दे करत सहा महिने वर्ष घालवते आणि येते तेव्हा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली असते नाहीतर जखम फुटलेली असते. स्तनाचं बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, एका जागी खळी पडायली, यातलं काहीही दिसलं की दाखवायचं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे पण तितकंच खरं, पण ते हात लावून घरी ठरत नाही. २०१० ते २०१४ मध्ये निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनी हयात असणाऱ्या आपल्या देशात शंभरात ६६ होत्या, अमेरिकेत ९०. औषधं तर बरीचशी तीच आहेत, फरकाचं मोठं कारण आपण उशिरा येतो हे आहे.

लवकर सापडायला मोठं मशीनच लागतं असंही नाही. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाच्या वर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यात अर्ध्या बायकांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी नुसत्या हातानं दर दोन वर्षांनी केली, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमात तिशी ते पासष्टीच्या बायकांची अशी तपासणी आहे, आशाताईला विचारा, आरोग्य केंद्रात फुकट होते.

सुईचं एक. तुकड्याची तपासणी केल्यानं कॅन्सर अंगभर पसरतो याला आधार नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय हा कोणत्या जातीचा कॅन्सर आहे, किमो आधी की ऑपरेशन आधी, गोळी लागू पडणार का, हे कळतच नाही. खरा घोटाळा कशानं होतो सांगू? तपास न करता गावातच कुणाकडून तरी गाठ चिरून काढल्यानं. आणि बिब्ब्यानं. गाठीवर बिब्बा घालून, लेप लावून कातडी भाजून आलेली बाई बघितली की पोटात तुटतं, कारण मग आधी ती जखम भरायची आणि मग पुढचं, तोवर गाठ वाढायलीच.

किमोत ‘रक्त जळतं’ म्हणतात ते एका लाल रंगाच्या औषधामुळं. ते लाल इंजेक्शन घेतलं की एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग आहे, रक्त नाही. त्यापेक्षा जास्त दिवस राहिली किंवा जळजळ असली तर मात्र सांगा. पण या औषधाची खरी काळजी वेगळीच आहे. ते शिरेच्या बाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस खराब करतं, म्हणून ते देताना मी खुर्चीपासून हलत नाही, सुईच्या जागेकडं बघत बसते, आणि बाईला सारखं विचारते, आग होतेय का, टोचतंय का, फुगलंय का. आपल्या बायकांची सवय अशी की दात दाबून सोसायचं, ‘सिस्टरला कशाला उगं त्रास’. नका सोसू. जरा चुणचुणलं तरी लगेच ओरडून सांगा, आम्ही तिथंच थांबवतो.

आणि ताप. मेसेजमध्ये काढा द्या म्हणलंय ना, ही ओळ वाचून माझा जीव वरखाली होतो. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात, त्या वेळी ताप हेच एकमेव लक्षण असू शकतं, ना पू दिसतो ना सूज. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. १००.४ किंवा त्याच्या वर गेला की काढा नाही, क्रोसिन घालून झोपवणं नाही, सकाळची वाट बघणं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘किमो चालू आहे’ हेच बोला आणि फाईल पुढं करा, नाहीतर साधा ताप म्हणून रांगेत बसवतील. रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर चालू व्हावं लागतं, काही तासांचा उशीरही भारी पडतो.

ताट-तांब्याचं मात्र काहीच नाही. हा आजार एका ताटात जेवल्यानं, लेकराला मांडीवर घेतल्यानं, जवळ झोपल्यानं लागत नाही. बाहेरून मशीननं शेक (रेडिएशन) घेतलेल्या बाईच्या अंगातून किरणं पण निघत नाहीत. फक्त किमोनंतर पहिले ४८ तास लघवी, उलटी, संडास साफ करताना हातमोजे घाला, पाणी जास्त टाका, खराब झालेले कपडे वेगळे धुवा, कारण त्यात औषध उतरतं. तेवढंच. बाईला कोपऱ्यात वेगळं ताट देऊन बसवलं की ती जेवणच सोडते, हे मी बघितलंय.

जेवणाचं पण तेच, दूध-साखर तोडल्यानं गाठ उपाशी मरत नाही, बाई अशक्त होते आणि पुढची किमो लांबते. वरण, अंडी, दही, शेंगदाण्याचं कूट, मासमटण चालत असेल तर ते, सगळं ताजं शिजवलेलं. तोंड आलं असेल तर ठेचा-लोणचं काही दिवस बाजूला, मऊ खिचडी, आणि मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या.

हाताचं नीट ऐका. काखेतल्या गाठी काढल्या की साधारण पाचातल्या एका बाईला पुढं हाताला सूज येऊ शकते. त्याच्या भीतीनं लोक हात गळ्यात बांधून ठेवतात, मग खांदा आखडतो, आणि शेक द्यायची वेळ आली की हात डोक्यावर नेऊन झोपावं लागतं तेव्हा बाई रडते, हात जातच नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडझाप, कोपर वाकवणं, केस विंचरणं चालू करायचं, जखमेतलं पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नळी निघाली आणि डॉक्टरनं हो म्हणलं की भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत वर न्यायची, जिथं पोचतील तिथं खडूनं रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर. नळीच्या डब्यातलं पाणी दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहा, सहसा २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढतात, वही नसेल तर आम्ही अंदाजानं काय सांगणार.

पुढं शेतात जाणाऱ्यांनी त्या हाताला जपायचं ते जखमेपासून. कापसाच्या बोंडाच्या टोकानं ओरखडलं, बाभळीचा काटा गेला, तव्याचा चटका बसला, की साबणानं धुवून मलम लावायचं. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, घट्ट बांगड्या नकोत. हात लाल गरम झाला आणि थंडी वाजली तर त्याच दिवशी दवाखाना. हळूहळू वजन उचलायचा व्यायाम शिकवून केला तर सूज वाढत नाही हे २००९ च्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळं घागर आयुष्यभर बंद असं काही नाही.

‘गोळ्या गरम पडतात’ म्हणजे अंगातून वाफा येतात, घाम येतो, रात्री झोप मोडते. खरंय, त्रास होतो. पण हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतली तर या आजारानं मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो, काहींना दहा वर्षंही देतात. सहा महिन्यांत सोडलीत तर तो फायदा हातचा जातो. त्रास सांगा, उपाय असतात. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं किंवा पोटरी सुजून दुखायली तर लगेच दाखवा, आणि गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नका.

राहिलं शेत विकण्याचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक येतात. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, धाराशिव-लातूरकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ पडतं. जाणं-येणं, बुडालेली मजुरी हा खर्च होतो, नाही म्हणत नाही. पण उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये पेशंटला पूर्ण भाडं माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. येताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन या, आणि आल्याबरोबर आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल कुठंय ते विचारा, पैसे भरायच्या आधी.