लायपेज वाढलं की माणूस पितोच, हे कुणी ठरवलं?

घरी येऊन अर्धा तास झालाय, अजून हात थरथरतायत. तरी लिहितेच.

सकाळी गंगापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट घ्यायला गेले होते. लॅबचं नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्ये विचारूही नका. माझ्या पुढे पंचविशीतला एक मुलगा आणि त्याची आई. काउंटरवरच्या पोराने कागद सरकवला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लायपेज वाढलंय. बसणं कमी करा दादा." वर हसला. (लायपेज म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं, चरबी पचवणारं एन्झाइम; रक्तात वाढलं की लोकांना आधी दारूच आठवते.) मुलगा म्हणाला, मी घेत नाही हो. आणि त्याच्या आईने त्याच्याकडे वळून बघितलं.

ते बघणं मला माहीत आहे. मी स्वतः तसं बघितलंय. नानांकडे, माझ्या वडिलांकडे.

आमचे नाना ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. माळकरी माणूस. निफाडकडची दोन एकर द्राक्षबाग आणि दरवर्षी पौषवारीला दिंडीबरोबर पायी त्र्यंबक, एवढंच त्यांचं जग. २०१६ ची गोष्ट. ऑक्टोबर छाटणी चालू होती, रात्री भावकीत साखरपुड्याचं जेवण झालं आणि दोनच्या सुमाराला कळ सुरू झाली. बेंबीच्या वर, थेट पाठीत जाणारी. आडवं होता येईना. उशी पोटाशी आवळून, पुढे वाकून बसून राहिले. आईने ओवा दिला, सोडा दिला. आम्ही सगळे पित्त, पित्त करत राहिलो. पहाटे गाडी काढली, चांदोरी ओलांडून नांदूर नाक्यापर्यंत दोनदा थांबावं लागलं उलटीसाठी.

रक्ताचा रिपोर्ट आला. लायपेज १४०० च्या वर, कागदावर वरची मर्यादा ६०. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "बाबा, किती वर्षं घेताय?" वॉर्डात सगळ्यांसमोर. नाना काही बोलले नाहीत. सलाईन लावलेला हात कसाबसा वर नेला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. माळ आत गेली.

नऊ-दहा तासांनी सोनोग्राफी झाली. पित्ताशय बारीक खड्यांनी भरलेलं! त्यातला एक खडा खाली सरकून, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र उघडते त्या तोंडाशी अडकला होता. रस बाहेर पडेना म्हणून स्वादुपिंडाला सूज, आणि सूज आली की त्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. झालं. दारूचा थेंब नाही त्यात.

हो, दारूने स्वादुपिंडाला सूज येते. खडे आणि दारू हीच दोन मोठी कारणं आहेत, आणि डॉक्टरांना विचारावंच लागतं. मान्य. पण विचारणं वेगळं आणि ठरवून टाकणं वेगळं. आणि काउंटरवर कागद वाटणाऱ्याने तर विचारायचंही काम नाही!

नंतर मी या विषयाच्या मागेच लागले. आमच्या आतेबहिणीला, ती डॉक्टर आहे, अक्षरशः पिडलं. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, हजाराच्या वर गेलं तरी स्वादुपिंड सुजतं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं तरी. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटने, अॅझाथायोप्रिनने, अशा काही औषधांनीही. किडनी मंदावली की ही एन्झाइम्स लघवीवाटे नीट बाहेर पडत नाहीत, मग स्वादुपिंड धडधाकट असूनही आकडा वर दिसतो. अल्सर फुटला, आतडं अडकलं, तरी वाढतो. लायपेजबरोबर तपासतात ते दुसरं एन्झाइम, अमायलेज, तर लाळेतही असतं, त्यामुळे गालगुंड झालेल्या पोराचंही वाढतं. आता त्या पोरालाही विचारणार का, किती वर्षं घेतोस म्हणून? काहींचं अमायलेज रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला चिकटून बसतं, किडनीतून गाळलं जात नाही, आणि माणसाला काहीही झालेलं नसतं. इटलीच्या गुल्लो नावाच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये अशा लोकांबद्दल लिहिलंय, ज्यांची एन्झाइम्स वर्षानुवर्षं वाढलेली राहतात आणि तपासण्यांमध्ये काही म्हणजे काही सापडत नाही.

आणि किती वाढलंय ते तरी बघाल की नाही? तशी कळ, मर्यादेच्या किमान तिप्पट आकडा, आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज, या तिनांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर डॉक्टर स्वादुपिंडाला सूज म्हणतात. नुसतं थोडं वर गेलेलं लायपेज म्हणजे निदान नाही. आकडा जितका मोठा तितका आजार मोठा, असंही नसतं. हे सगळं त्या हसणाऱ्या पोराला माहीत नसेल. नसू दे. मग गप्प बसावं.

जरा चहा घेऊन आले. राग थोडा उतरलाय, तर जे आजवर कुणाला सांगितलं नाही तेही लिहिते.

सोनोग्राफी व्हायच्या आधी, त्याच दुपारी, आईचे कपडे आणायच्या निमित्ताने मी गावी गेले. घरात न जाता आधी बागेत गेले, मोटारीच्या खोलीत. बाटली शोधायला. फवारणीचा पंप हलवला, खतांच्या रिकाम्या गोण्या उचकल्या, फळीवरचे डबे उघडून वास घेतला. मिळाली ती भजनाची वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, रबर लावलेली. पावसाने भिजू नये म्हणून. ज्या बापाने जन्मात तोंडाला लावली नाही, त्याच्यावर मी एका कागदावरच्या ठळक आकड्यामुळे संशय घेतला. त्या डॉक्टरांना मी काय बोल लावणार?

त्याच मुक्कामात नानांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. ठणठणीत आहेत. यंदाही छाटणीला कात्री घेऊन मजुरांच्या पुढे होते. पण रक्त तपासायला म्हटलं की आजही टाळतात, आणि न्यावंच लागलं तर निघताना वरचं बटण लावतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

सकाळचा तो मुलगा पार्किंगमध्ये आईला काहीतरी समजावत होता आणि ती मान हलवत नव्हती. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं, बोलले नाही. निळा शर्ट, हातात हेल्मेट, आई हिरव्या नऊवारीत. कुणाच्या ओळखीतले असतील तर ही पोस्ट त्या माउलींना वाचून दाखवा. आणि त्याला म्हणावं, आधी पोटाची सोनोग्राफी, ट्रायग्लिसराईड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घे, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने, आणि चांगल्या पोटविकारतज्ज्ञाला दाखव. कळ पाठीत जात असेल किंवा उलट्या होत असतील तर उद्याची वाट बघू नकोस, आजच जा.